फक्कीच्या रेघांवरचा सत्कार

नऊ डिसेंबर. धुळ्यातल्या छापखान्यात मी निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ तपासत बसले होते. पारोळा तालुक्यातल्या, बोरी नदीकाठच्या एका हायस्कुलात शनिवारी कॉम्प्युटर खोलीचं उद्घाटन आणि गावातल्या ज्येष्ठांचा सत्कार असा जोडकार्यक्रम होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही गटांचे फोन येतील.

मी ज्या संस्थेत आहे ती धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकवते. शिकवण्याचं काम शिक्षक करतात. त्यांना शिकवू दिलं जाईल हे बघणं माझं काम. पगारपत्रकात त्याला जनसंपर्क म्हणतात. त्याआधी मी जळगावला एका दैनिकाच्या जाहिरात विभागात होते, त्यामुळे कोणाचा फोटो कोणाच्या वर छापायचा याचं शिक्षण तिथेच झालं. बाहेरच्यांना वाटतं की जनसंपर्क म्हणजे गोड बोलून बातमी छापून आणणं. बातमी शेवटी येते. आधी हे शोधावं लागतं की गावात 'नाही' म्हणू शकेल असा माणूस कोण, आणि त्याला 'नाही' म्हणायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते. पत्रिका त्या व्यवस्थेचा पाया. आमच्याकडे कार्यक्रमाला कॉम्प्युटर नसले तरी चालेल, पत्रिकेत एक नाव राहिलं तर चालत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. जळगावचे एक व्यापारी कॉम्प्युटर द्यायला तयार होते, पण प्रत्येक कीबोर्डवर त्यांच्या दुकानाचं स्टिकर हवं होतं. मी म्हटलं, "शेठ, मुलं बोटं ठेवतील तिथे तुमचं नाव घासलं जाईल." हे त्यांना अशुभ वाटलं. स्टिकर बारगळलं, कॉम्प्युटर आले. धुळ्यात एका शाळेत आया पालकसभेला येत नव्हत्या. मुख्याध्यापक सांगत, "या वस्तीला शिक्षणाची आवड नाही." सभा होती सकाळी अकराला. त्या वेळी यंत्रमागाच्या कामगारांचे डबे निघतात. मी सभा दुपारी तीनला ठेवली, तर बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. या कामात अक्कल लागते ती एवढीच. बाकी चालणं फार.

तर, प्रूफ तपासत होते आणि शबानाचा फोन आला. शबाना म्हणजे त्या हायस्कुलातली आमची कॉम्प्युटर शिक्षिका. अमळनेरची मुलगी, रोज एसटीने जा-ये करते. सहसा घाबरत नाही.

"ताई, आज नववीच्या निम्म्या मुली तासाला आल्या नाहीत. पालकांनी बंद केलं. आणि भास्करभाऊ शनिवारी स्टेजवरून जाहीर करणार आहेत की आपला वर्ग बंद, त्या जागी टायपिंगचा क्लास."

भास्करभाऊ हे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. स्टेजवरून एकदा जाहीर झालं की गावात ते मागे घेता येत नाही. मागे घेणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून तो घेतच नाही. म्हणजे शनिवारपर्यंत जे काय करायचं ते करायचं.

"कारण काय?"

"म्हणतात, कॉम्प्युटरच्या तासाला पोरी मैदानात उड्या मारतात."

यात खोटं काही नव्हतं. कॉम्प्युटर येऊन महिना झाला होता. पण भास्करभाऊंचा हुकूम होता की उद्घाटन झाल्याशिवाय खोलीचं कुलूप निघणार नाही. आमच्या भागात हे सर्रास चालतं. नवी वस्तू पाहुण्याचा हात लागल्याशिवाय वापरायची म्हणजे अपशकुन. पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून खोली बंद. शबाना काही हातावर हात धरून बसणाऱ्यातली नाही. कॉम्प्युटर आतून कसा विचार करतो हे ती मुलींना कॉम्प्युटरशिवाय शिकवायला लागली. कागदाच्या चिठ्ठ्या, दोऱ्या, आणि मैदानात चुन्याची फक्की. खो-खोचं मैदान आखायला वापरतात तीच. खोली बंद ठेवली अध्यक्षांनी, आणि कॉम्प्युटर न दाखवल्याबद्दल बोलणी खात होती शबाना.

दुसऱ्या दिवशी गावात गेले. पालकांचे म्होरके रमेशभाऊ. कापसाचे शेतकरी, त्यांची मुलगी पूनम नववीत. ते ओट्यावर चार जणांत बसले होते. चहा आला.

"मॅडम, ट्रकभर कॉम्प्युटर उनात," ते अहिराणीत म्हणाले, "नि मन्ही पोर रोज फक्कीवर उड्या मारस. हाई काय शिक्षण शे?"

"तुम्ही बघितलंत का, त्या रेघा कशाच्या आहेत?"

"रेघा रेघासारख्याच शेतस! टायपिंगनं सर्टिफिकेट भेटस. आठे काय भेटस? पाय पांढरा व्हतस."

ओटा हसला. मीही हसले. चार जणांत बसलेल्या बापाशी वाद घालायचा नाही, हा माझा नियम आहे. तो हरला तर घरी मुलीवर राग निघतो. मी चहा संपवला आणि शाळेत गेले.

पूनमही तासाला नव्हती. तिच्या बापाने तिला कापूस वेचायला लावलं होतं. शबाना म्हणाली, "वर्गात सगळ्यात आधी तिच्या डोक्यात प्रकाश पडतो. तिलाच घरी बसवलं." एवढं बोलून ती फळा पुसायला लागली. फळा आधीच स्वच्छ होता.

मी तिला म्हटलं, "मला त्या रेघा दाखव."

वाचकांनाही सांगते, सोपं आहे. मैदानात सहा रेघा सुरू होतात, पुढे जाऊन एकमेकींना भेटतात. जिथे दोन रेघा भेटतात तिथे वर्तुळ. सहा मुली सहा आकडे घेऊन सहा टोकांवर उभ्या राहतात आणि चालायला लागतात. वर्तुळात दोघी भेटल्या की आकडे दाखवायचे. मोठा आकडा उजव्या रेघेने जाणार, लहान डाव्या. पुढच्या वर्तुळात पुन्हा तेच. सुरुवातीला कशाही उभ्या राहा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सहाही जणी बरोबर क्रमाने बाहेर पडतात. कोणी वरून हुकूम सोडत नाही. प्रत्येकीला फक्त समोरच्या एकीशी तुलना करायची असते. यंत्र ढीगभर गोष्टी क्रमाने लावतं तेव्हा त्याच्या पोटात अशाच तुलना चालतात.

मी ते दोनदा बघितलं. मग भास्करभाऊंकडे गेले, कारण सत्काराची नावं पक्की व्हायची होती.

"नावं सहा आहेत," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "क्रम मात्र तुम्ही लावा. मी लावणार नाही."

"का हो?"

"मागच्या वेळी झिपरूआबांचं नाव पहिलं घेतलं. यादवनाना भरसभेतून उठून गेले. त्यांचं म्हणणं, ते मोठे. आबांचं म्हणणं, आबा मोठे. जन्मतारीख दोघांचीही शाळेत अंदाजाने लिहिलेली. तेव्हापासून नानांची सगळी भावकी शाळेच्या कार्यक्रमाला येत नाही. या वेळी नानांनी निरोपच धाडला, मी येणार नाही, नाव टाकू नका. म्हणून सहा."

"आणि उरलेल्या सहांत?"

"त्यांच्यातही आहेच. मॅडम, आमच्याकडे शाल सगळ्यांना सारखीच लागते. भांडण पहिली कोणाला याचं."

मी त्यांना सांगितलं की पत्रिकेत नावं छापतच नाही, 'गावातील ज्येष्ठ मान्यवर' एवढंच छापते. क्रम शनिवारी मैदानात लागेल. मुली लावतील.

"कोणत्या मुली?"

"फक्कीवर उड्या मारणाऱ्या. पण पूर्ण वर्ग लागेल. घरी बसवलेल्यासुद्धा."

भास्करभाऊंना माझी योजना पटली असं नाही. त्यांच्या गळ्यातला फास माझ्या गळ्यात जात होता, हे पटलं. संध्याकाळी त्यांनी स्वतः रमेशभाऊंना सांगितलं की शनिवारच्या कार्यक्रमाला पूनम लागेल. अध्यक्षांचा शब्द, म्हणून रमेशभाऊ फक्त कार्यक्रमापुरतं हो म्हणाले. शबाना मात्र काळजीत.

"ताई, म्हातारी माणसं रेघांवर चालतील?"

"टोपी, उपरणं, शाल पुढच्या टोकाला असेल तर चालतील."

शनिवारी दुपारी गाव जमलं. मंडप, सतरंज्या, माईक, समोर फक्कीने आखलेलं जाळं. फक्की ठळक पडली होती. एका बाजूला मुली, वेण्या घट्ट, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. रमेशभाऊ मंडपाच्या खांबाला टेकून उभे. बसले नव्हते. कार्यक्रम संपताच मुलीला घेऊन शेतात जायचं होतं, हे त्यांनी मला येता येताच सांगितलं होतं.

शबानाने माईकवरून सांगितलं, "आज क्रम कोणी ठरवणार नाही. वर्तुळात दोघं भेटले की वयाने मोठे उजवीकडे, धाकटे डावीकडे. दोघांनीच ठरवायचं. मुली वाट दाखवतील."

सहा ज्येष्ठ सहा टोकांवर उभे राहिले. पहिली दोन पावलं सगळे लग्नात पाहुणे लाजतात तसे लाजले. मग पहिल्या वर्तुळात झिपरूआबा आणि त्यांचे शेजारी समोरासमोर आले, आणि आबांनी काठी आपटून विचारलं, "काय रे, तू मन्हापेक्षा मोठा शे का?"

"नही आबा. तुम्हीच."

"मंग जाय डावा हातले."

लोक खदखदून हसले, आणि त्यानंतर ते जाळं आपोआप चालायला लागलं. वर्तुळावर्तुळात लग्नं, जत्रा, कोण कोणाच्या खांद्यावर बसून गेलं, कोणाच्या मिशा आधी फुटल्या, सगळं निघालं. मुली मध्ये उभ्या राहून सांगत होत्या, "बाबा, उजवा हातले." "आबा, आते थांबा, समोरना येऊ द्या." आणि ज्यांच्यासमोर गावात कोणी मान वर करत नाही, अशी माणसं नववीच्या पोरींचं ऐकून थांबत होती, वळत होती. शेवटच्या टोकाला सहा जण बाहेर पडले. अगदी उजवीकडे झिपरूआबा. कोणी रुसलेलं नव्हतं. क्रम माईकवरून सांगितला असता तर पाच जणांचा अपमान झाला असता. इथे प्रत्येकाने समोरच्या एकाच माणसापुढे मान तुकवली होती, तीही हसत.

मी शाली पुढे आणायची खूण केली. तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"मन्ही जागा कोठे शे?"

यादवनाना. पांढरी टोपी, हातात काठी, मागे त्यांची भावकी. हसण्याचा आवाज त्यांच्या घरापर्यंत गेला होता. वर्षभरात ते पहिल्यांदा शाळेत आले होते, आणि जाळं होतं सहा जणांचं.

भास्करभाऊंनी घाईत माईक हातात घेतला. "या नाना, या! सगळ्यात पहिले तुम्हीच उभे..."

झिपरूआबांनी काठी उचलली आणि निघायला वळले. नाना पहिले तर आबा गेले, आबा पहिले तर नाना गेले. आणि त्या गोंधळात भास्करभाऊंच्या तोंडून टायपिंगची घोषणा निघायला कितीसा वेळ लागणार होता? मी शबानाकडे बघितलं. ती रेघांकडे बघत होती. सात जणांचं जाळं तिने मुलींना शिकवलंच नव्हतं.

"आबा, थांबा." पूनम होती. तिने फक्कीचं घमेलं उचललं. सहाव्या, म्हणजे सगळ्यात धाकट्या माणसाच्या डावीकडे एक नवी रेघ ओढली. मग तिथून उजवीकडे, एकापुढे एक, चढत्या पायऱ्यांसारखी वर्तुळं मारत गेली. शेवटचं वर्तुळ झिपरूआबांच्या पायापाशी.

"नाना, तुम्ही डावा बाजूतून सुरू करा. एकेकले भेटत या. मोठा व्हशात तवढं उजवा हातले चढा. ज्यानापाशी अडशात तठे तुमनी जागा."

भास्करभाऊ माईक बाजूला करून कुजबुजले, "अगं, सरळ आबांशीच गाठ घाल ना."

"मशीनले नाना कोण ते माहीत नसतं, भाऊ," पूनम फक्की झटकत म्हणाली. "त्याले सगळ्यासले इचारनं पडतं."

नाना पहिल्या पायरीवर आले. समोरचा म्हणाला, "तुम्ही मोठा." काठी टक्. दुसरी पायरी, टक्. प्रत्येक पायरीला नाना जिंकत होते, आणि ते सगळं गाव बघत होतं. त्यांना हा सत्कार शालीपेक्षा गोड लागत असावा. हरलेला प्रत्येक जण एकेक जागा डावीकडे सरकत होता. असं करत करत शेवटच्या वर्तुळात नाना आणि आबा समोरासमोर आले.

"तुन्हा लगीनमा वरातना पुढे मी नाचेल शे," आबा म्हणाले.

"वरातमा पोऱ्याच नाचतस," नाना म्हणाले.

मंडप कोसळायचा बाकी राहिला.

"शायामा तू मन्हाच वर्गमा, मन्हा मांगे बसे!" आबांनी बोट रोखलं. "मंग तू मोठा कसा?"

नानांनी काठीच्या टोकाने फक्की उकरली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी दोनदा नापास व्हयनू, म्हनीसन तुन्हा वर्गमा उनू. नही ते तुन्ही मन्ही गाठ कसाले पडती?"

आबांचं तोंड उघडंच राहिलं. "हाई तू कव्हयच सांगं नही!"

"तू आज इचारं."

आबा आधी हसले. मग हसता हसता त्यांना खोकला लागला, नानांनीच त्यांची पाठ थोपटली. खोकला थांबल्यावर झिपरूआबा एक पाऊल डावीकडे सरकले. नाना उजवीकडे गेले. वर्षभराचा रुसवा एका पावलाच्या अंतरात मिटला. नानांची भावकी सतरंजीवर बसली. पुरेना म्हणून आणखी सतरंज्या आणाव्या लागल्या.

मी बघत होते रमेशभाऊंकडे. ते खांब सोडून रेघांपर्यंत आले होते.

"हाऊ जिना तू कव्हय बनाडा?" त्यांनी पूनमला विचारलं.

"आतेच."

"मॅडमनी शिकाडा?"

"नही. मॅडमनी सहानाच शिकाडा व्हता."

रमेशभाऊ रेघांकडे बघत राहिले. पायरीपायरीवर बोट नेत त्यांनी एकदा सगळं मोजून पाहिलं, ओठ हलवत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारले खोली उघडी ऱ्हाई ना?"

शाली झाल्या, टोप्या झाल्या. पहिली शाल यादवनानांना, दुसरी झिपरूआबांना. भास्करभाऊ माईकपाशी आले.

"टायपिंगच्या क्लासची एक घोषणा करायची होती," ते म्हणाले. "ती मी करत नाही. शबाना मॅडम, चावी घ्या. पाहुणे, नारळ फोडा."

नारळ फुटला. त्या आवाजाच्या आतच मुलींनी कुलूप काढलं होतं. शबाना परत मिळालेली चावी मुठीत धरून दाराशी उभी राहिली आणि आत जाणाऱ्या मुली मोजत राहिली. घरी बसवलेली एकही बाकी नव्हती. रमेशभाऊ त्या दिवशी शेतात गेले नाहीत.

संध्याकाळी वार्ताहरांना बातमी आणि फोटो पाठवून धुळ्याला परतले. वाटेतच शेजारच्या गावच्या शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांचे नातेवाईक आमच्या कार्यक्रमात होते.

"मॅडम, तसल्या रेघा आमच्याकडेपण मारून पाहिजेत. उद्याच. उद्या आमचाही सत्कार आहे आणि सकाळपासून भांडण चालू आहे. पण एक सांगतो, आमच्याकडे नऊ म्हातारे आहेत."

"रेघा मारून देते. मात्र नंतर तुमच्या शाळेत वर्ग सुरू करायचा. मुलींसकट. टायपिंगचा नाही."

"करू ना. आधी भांडण मिटवा."

सकाळी पेपर उघडला. तीन कॉलमी फोटो, मथळा 'ज्येष्ठांचा सत्कार उत्साहात'. बातमीत कॉम्प्युटर हा शब्द एकदा, तोही शेवटच्या ओळीत. फोटोत सात शाली, अध्यक्ष, पाहुणे. पूनम डाव्या कडेला होती, तिथे कात्री लागली होती. उरला होता फक्त तिचा हात, चुन्याने पांढरा. पाठवताना मी तो फोटो निवडायला नको होता, मला दिसायला हवं होतं. या धंद्यात इतकी वर्षं काढून कडेला काय कापलं जातं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पेपर घडी घालून पिशवीत टाकला आणि गाडी काढली. रात्री फोनवर ठरल्याप्रमाणे रमेशभाऊ पूनमला घेऊन फाट्यावर उभे होते. नऊ जणांना किती वर्तुळं लागतील यावर बापलेकीत जुंपली होती आणि बाप हरत होता. शेजारच्या गावात पोचलो, तर अध्यक्ष हार घेऊन पुढे आले.

"आधी चहा घ्या, मॅडम."

"आधी मैदान झाडून द्या," पूनम म्हणाली. "खडे शेतस. रेघ मोडस."

अध्यक्षांनी इकडेतिकडे शिपाई शोधला. रविवार होता, शिपाई नव्हता. त्यांनी हार माझ्या हातात दिला आणि स्वतः झाडू घेतला. मी मोबाइल काढला, दोन पावलं बाजूला सरकले, आणि पूनम बरोबर मधोमध आल्यावर फोटो घेतला.